सहाव्या वर्षाची दाढ

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. उमेदीच्या काळात पैसा नसतो आणि पैसा येईतो म्हातारपण येते, असा तिचा अर्थ. दात जाणे ही उतारवयाची गोष्ट आहे, एवढे ह्या म्हणीने गृहीत धरलेले असते. आम्हांस आज जो विषय मांडावयाचा आहे त्यात हे गृहीतच टिकत नाही. ज्यांच्या दातांविषयी आम्ही बोलणार आहोत ती माणसे पाच-सहा वर्षांची आहेत. ती अंगणवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात बसतात, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांच्या तोंडात चणा फोडण्याजोगी दाढ आताच उरलेली नाही.

वसंत व्याख्यानमालेत आपण साहित्य, अर्थकारण, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय ऐकत आलो आहोत. त्यांच्या पंक्तीला मुलांच्या किडक्या दातांना बसवावे, हे काही श्रोत्यांना गमतीचे वाटेल. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, विषय संपेपर्यंत त्यांनी हसू राखून ठेवावे. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली देशभर जी पाहणी केली तीत पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के व बारा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५४ टक्के मुलांच्या दातांना कीड आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५१ कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. लहान मुलांच्या इतक्या मोठ्या संख्येला एकाच वेळी ग्रासणारी व्याधी दुसरी क्वचितच सापडेल. तरीही घरात ती व्याधी म्हणून कोणी मोजत नाही. मुलाला ताप आला तर आपण रात्रीतून डॉक्टर गाठतो; दाढ दुखली तर लवंग धरून झोप म्हणतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कीड गरिबाच्या घरी शिरते तशी सुखवस्तू घरीही शिरते. पण शिरल्यावर ती कोठवर जाईल, हे घर पाहून ठरते. आणि हे अंतर आईबापांना उपदेश करून भरून निघणारे नाही. ते भरून काढण्याची जागा शाळा ही आहे.

प्रथम कीड म्हणजे काय ते पाहू. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतला किडा पाडून दाखविणारे लोक पूर्वी गावोगाव असत. वस्तुतः दाढेत तसा किडा कधीच नसतो. बर्लिन येथे संशोधन करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर ह्यांनी १८९० साली ह्या प्रश्नाची उकल केली. आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू असतात. आपण साखर किंवा पीठ खाल्ले की त्याचा उरलेला अंश हे जंतू खातात व त्यापासून आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या वरच्या कठीण कवचातील चुना विरघळविते. सुदैवाने लाळ हे आम्ल हळूहळू निवविते आणि अर्ध्या-पाऊण तासात गेलेला चुना थोडाथोडा परत बसू लागतो. येणेप्रमाणे दाताच्या पृष्ठभागावर दिवसभर झीज आणि भर ह्यांची देवघेव चाललेली असते. झीज भरीपेक्षा अधिक झाली की खड्डा पडतो.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. मूल एकंदर किती गोड खाते ह्याला महत्त्व आहेच. पण ते दिवसातून किती वेळा खाते ह्याला त्याहून अधिक महत्त्व आहे. जेवणाबरोबर खाल्लेली गुळपोळी दाताला एकदाच त्रास देते. तेवढाच गोड पदार्थ खिशात ठेवून दिवसभर चघळला तर लाळेला उसंतच मिळत नाही. स्वीडनमधील विपेहोल्म येथे १९४५ नंतर काही वर्षे जे प्रयोग झाले, त्यांतून हे निर्विवाद सिद्ध झाले. चिकट टॉफी दोन जेवणांच्या मध्ये खाणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले. हे प्रयोग कोणावर झाले तेही सांगितले पाहिजे. ते मतिमंदांसाठी असलेल्या एका संस्थेतील रहिवाशांवर, त्यांची संमती न घेता झाले. ज्यांना नाही म्हणता येत नव्हते त्यांच्या दातांची किंमत देऊन जगाने हे ज्ञान मिळविले. आपल्या विषयातील विषमता अशी ज्ञानाच्या उगमापासूनच सुरू होते.

आता दुधाच्या दातांकडे वळू. ‘दुधाचेच दात आहेत, पडायचेच आहेत’ हे वाक्य आम्ही शिकलेल्या आणि न शिकलेल्या, दोन्ही प्रकारच्या घरांतून ऐकले आहे. त्यात दोन चुका आहेत. दुधाच्या मागच्या दाढा वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षांपर्यंत टिकावयाच्या असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ सहा-सात वर्षे मुलाच्या तोंडात राहणार, ठणकणार आणि पू धरणार. शिवाय ती अकाली काढली गेली तर शेजारचे दात त्या जागेवर कलतात व खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट उरत नाही.

दुसरी चूक अधिक महाग पडते. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, वर दोन आणि खाली दोन अशा चार नव्या दाढा निघतात. त्या येताना एकही दात पडत नाही. म्हणून घरात कोणाला त्यांचा पत्ताच लागत नाही. आई समजते, हीही दुधाचीच. वस्तुतः ती जन्मभराची दाढ असते. चावण्याचा मोठा भार पुढे तिच्यावर पडावयाचा असतो. तिच्या माथ्यावर खोल चिरा असतात, कवच अजून पुरते पक्के झालेले नसते, आणि उगवताना ती इतकी मागे व खाली असते की ब्रश तिच्यापर्यंत पोचत नाही. अशा स्थितीत ती किडते आणि आठव्या-नवव्या वर्षी मूल जन्मभराची दाढ गमावते.

ही दाढ आणि शाळा ह्यांची गाठ एकाच वर्षी पडते. जन्माचा दाखला नसे त्या काळी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की मूल सहा वर्षांचे झाले, असे आपल्याकडील हेडमास्तर मानीत. इंग्लंडमध्ये ह्याच कामासाठी दातांचा उपयोग सुचविला गेला होता. तेथे १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी झाली. तेव्हा गरीब आईबाप मुलांचे वय वाढवून सांगू लागले. एडविन सॉन्डर्स ह्या दंतवैद्याने हजारावर मुलांची तोंडे तपासून १८३७ साली असे दाखविले की, मुलाचे वय उंचीपेक्षा दातांवरून अधिक नेमके कळते. मजुराच्या मुलाचे तोंड सरकारदरबारी उघडून पाहिले गेले ते असे, वय पडताळण्यासाठी. दात दुखतो काय, हे विचारण्याची पाळी पुष्कळ उशिरा आली.

एवढी तयारी झाल्यावर आता विषमतेच्या मुद्द्याकडे येऊ. दातांची पाहणी करणारे लोक प्रत्येक मुलामागे तीन आकडे लिहितात: किडलेले दात किती, किडीमुळे काढलेले किती, आणि किडून भरलेले किती. ह्या तिहींची बेरीज म्हणजे त्या मुलाचा किडीचा निर्देशांक. क्लाइन, पामर व नटसन ह्या तीन संशोधकांनी अमेरिकेतील हेगर्सटाउन गावच्या शाळकरी मुलांची पाहणी करून १९३८ साली ही रीत रूढ केली, आणि आज जगभर तीच चालते. सोयीसाठी आपण ‘किडलेले, काढलेले, भरलेले’ असे तीन रकाने डोळ्यांपुढे ठेवू.

आता दोन मुले कल्पनेने उभी करू. एक मुलगा नव्या जालन्यातील व्यापारी घरातला आहे. दुसरी मुलगी मंठा तालुक्यातील एका तांड्यावरची आहे. दोघांचे वय सहा. दोघांचाही निर्देशांक चार. नुसती बेरीज पाहणारा म्हणेल, येथे विषमता कोठे आहे? दोघांनाही सारखीच कीड! किंबहुना मुलाच्या घरी चॉकलेटे अधिक येतात, रात्री दुधाची बाटली तोंडात देऊन त्याला निजविले जाते. त्याचा आकडा मोठाही असू शकेल. पण रकाने उघडून पाहा. मुलाचे चारही दात तिसऱ्या रकान्यात आहेत. सोमवारी दाढ दुखली, मंगळवारी त्याला दवाखान्यात नेले आणि दोन-तीन खेपांत चारही दात भरून निघाले. मुलीचे चारही पहिल्या रकान्यात आहेत. तिच्या दाढेची कीड आत शिरापर्यंत गेली आहे. ती एका बाजूने चावते. कडक भाकरी चहात बुडवून खाते. रात्री ठणका लागला की उठून बसते. वर्गात ती पेंगते आणि गुरुजींना वाटते, मुलीचे अभ्यासात लक्ष नाही. आणखी दोन वर्षांनी तिचे दात दुसऱ्या रकान्यात जातील. तिसऱ्या रकान्याशी तिचा बहुधा कधीच संबंध येणार नाही.

बेरीज एक आणि रकाने वेगळे, ह्यातच आमचा सारा विषय आला. आपल्या देशात ठिकठिकाणी झालेल्या पाहण्यांत मुलांचा पहिला रकाना भरलेला आणि तिसरा जवळजवळ रिकामा असतो. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला तेव्हा देशात दंतमहाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आज ती तीनशेंहून अधिक आहेत. म्हणजे दंतवैद्य घडले नाहीत असे नाही. ते शहरांत घडले आणि शहरांतच राहिले. मंठ्याहून जालना पन्नास-साठ किलोमीटर, आणि जालन्याहून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंतमहाविद्यालय आणखी साठ. उपचार फुकट असला तरी जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी फुकट नसते.

येथे इतिहासातील एक विलक्षण उलटापालट सांगण्यासारखी आहे. एके काळी किडके दात हे श्रीमंतीचे लक्षण होते. पाउल हेंट्सनर नावाचा जर्मन प्रवासी १५९८ साली इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीला पाहून आला. राणीचे दात काळे पडले आहेत, असे त्याने लिहून ठेवले. आणि त्याचे कारण म्हणून इंग्रजांच्या साखरेच्या अतिरेकाकडे बोट दाखविले. तेव्हा साखर राजेरजवाड्यांनाच परवडे. पुढे ती स्वस्त होत गेली, १८७४ साली इंग्लंडने तिच्यावरील जकात पूर्ण उठविली, आणि साखर मजुराच्या चहात व पावावर येऊन बसली. तिच्या मागोमाग कीडही वाड्यातून चाळीत उतरली. पुढे वाड्यातील लोकांना दंतवैद्य व टूथपेस्ट मिळाली. चाळीकडे कीड राहिली.

आपल्याकडे हाच प्रवास फार थोड्या काळात झाला आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, आणि पुढे महाराष्ट्र हा साखरेचा प्रांत बनला. त्याने ग्रामीण भागाला रस्ते, शाळा व महाविद्यालये दिली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर सणासुदीची साखर रोजची झाली. आज तांड्यावरच्या टपरीतही पाच रुपयांना बिस्किटाचा पुडा मिळतो आणि एक-दोन रुपयांना गोळी. रडणाऱ्या मुलाला शांत करण्याचा ह्यापेक्षा स्वस्त उपाय मजुरी करणाऱ्या आईजवळ नाही. टूथपेस्टची नळी मात्र एकदम घ्यावी लागते, आणि ती घरातल्या सर्वांत पुरवावी लागते. गोडाचा बाजार खेड्यात आधी पोचला, ब्रश मागाहून, आणि दंतवैद्य अद्याप वाटेतच आहे.

आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. जुनी माणसे जालन्याला सोन्याचा पाळणा म्हणत. आज शहरात पोलादाच्या गिरण्या आहेत, बियाण्यांचा उद्योग आहे, भोवताली मोसंबीच्या बागा आहेत. परंतु ह्याच जिल्ह्यातील मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड ह्या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. आणि कोपीत सांभाळायला कोणी नसल्याने लहान मुले बरोबर जातात. आईबाप पहाटे अंधारात फडात उतरतात. मुलाच्या हाती सकाळी काळा गोड चहा असतो आणि दिवसभर उसाचे कांडे. ऊस चावणे हा एरवी मौजेचा खाऊ. पण दिवसातून दहा वेळा तोंडात साखरेचा रस आणि तोंड धुवायला पाणी नाही, अशी पाच महिने स्थिती राहिली तर त्या सहाव्या वर्षाच्या दाढेचे काय होईल, हे आता सांगावयास नको. दाढ ठणकू लागली तर मुलाला तालुक्याला न्यायचे म्हणजे खाडा पडला, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढले. आपल्या चहातील साखर ज्यांच्या कोयत्याने येते त्यांच्याच मुलांच्या दातांवर ती सर्वांत जड पडते. ह्या गोष्टीकडे साखर खाणाऱ्या आपण शहरवासीयांनी काणाडोळा करू नये.

येथे कोणी म्हणेल, ‘सारे खरे, पण दात घासायला काय लागते? ही निव्वळ आळसाची गोष्ट आहे.’ घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थांचे जन्मगाव. त्यांनीही दासबोधातील मूर्खलक्षणांत, ज्याचे दात, डोळे, हातपाय सदा मळलेले असतात त्याला मूर्खांत बसविले आहे, असा दाखला हा आक्षेपक देऊ शकेल. दाखला खरा आहे. पण समर्थ तेथे जाणत्या माणसाशी बोलत आहेत. ज्याला पाणी, वेळ आणि समज आहे त्याला ते दटावीत आहेत. सहा वर्षांच्या मुलाला ही लक्षणे लावता येत नाहीत. त्याच्या बोटांत स्वतःचे दात नीट घासण्याइतके कसबच सातव्या-आठव्या वर्षापर्यंत येत नाही. मोठ्या माणसाने उभे राहून घासवून घ्यावे लागते. पहाटे चारला कामाला जाणाऱ्या आईने तेव्हा ते कसे करावे? तिला आळशी म्हणण्यापूर्वी आपण तिच्या दिवसाचे तास मोजावेत.

म्हणून उपाय अशा ठिकाणी केला पाहिजे जेथे गरिबाचे व श्रीमंताचे मूल दोन्ही येते, आणि जेथे मोठे माणूस दिवसा हजर असते. ती जागा म्हणजे अंगणवाडी व प्राथमिक शाळा. हा विचार नवा नाही. पहिल्या महायुद्धात भरतीला आलेल्या तरुणांचे दात पाहून न्यूझीलंड सरकार चपापले, आणि १९२१ पासून त्याने तरुण स्त्रियांना खास शिक्षण देऊन शाळाशाळांतून दंतपरिचारिका म्हणून नेमले. स्कॉटलंडने २००६ च्या सुमारास बालवाड्यांतून रोज शिक्षिकेच्या देखरेखीखाली दात घासवून घेण्याचा कार्यक्रम व्यापक केला. तेथे २००३ साली शाळेत नव्याने येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४५ टक्के मुलांचे दात कीडमुक्त होते. २०२० पर्यंत हे प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांवर गेले. गरीब वस्तीतील मुले अजूनही मागेच आहेत. पण त्यांच्या दातांत जी सुधारणा झाली ती घरच्या उत्पन्नाची वाट पाहत बसली नाही. फिलिपीन्स तर आपल्यासारखाच मर्यादित साधनांचा देश. तेथे अनेक शाळांतून मुले रोज रांगेत उभी राहून एकत्र हात धुतात व दात घासतात.

आपल्याकडे काही नाही असे नाही. मुलांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातून, सुरू झाला. त्यात दातांच्या विकारांचा समावेश आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते, आजारी मूल निवडते आणि पुढे पाठविते. ही व्यवस्था मोलाची आहे. पण तपासणी म्हणजे पहिल्या रकान्याची मोजदाद. दात तिसऱ्या रकान्यात नेण्याचे किंवा मुळात पहिल्यातच न येऊ देण्याचे काम त्याहून निराळे आहे. आणि पथक पौष महिन्यात गावी आले तर ऊसतोडीला गेलेले मूल त्याला भेटतच नाही.

रोजच्या कामाला मात्र फारसे काही लागत नाही. प्रत्येक मुलाला नाव घातलेला एक छोटा ब्रश. त्यावर फ्लोराइडयुक्त पेस्ट, तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी व त्यापुढच्याला वाटाण्याएवढी. शाळेतील खिचडी खाऊन झाल्यावर दोन मिनिटे घासणे, मागच्या दाढांपर्यंत, मग थुंकणे. खळखळून चूळ भरावयाची नाही, कारण दातांवर राहिलेले फ्लोराइडच कवचाला बळकटी आणते. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावाला ही सोयीचीच गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. त्याच वेळी आणखी दोन वस्तू त्या यादीत आल्या. एक, चांदीचा क्षार असलेले एक द्रावण. ते किडलेल्या जागी लावले की कीड तेथेच थांबते. जागा काळी पडते, पण दात वाचतो, आणि यंत्र फिरवावे लागत नाही. दुसरे, हाताच्या हत्यारांनी दात साफ करून भरता येणारे एक प्रकारचे सिमेंट. त्याच्या साह्याने विजेशिवाय दात भरण्याची रीत १९८० नंतरच्या दशकात टांझानियात निघाली. प्रशिक्षित दंतवैद्याने महिन्यातून एक दिवस शाळेच्या ओसरीवर बसून ही दोन्ही कामे करावीत. वीज नाही ही सबब ह्या कामी तरी चालणार नाही.

दोन सावधगिरीच्या सूचना येथे आवश्यक आहेत. पहिली पाण्याविषयी. फ्लोराइड थोडे असले तर उपकारक, अति झाले तर दातांवर डाग पाडणारे व हाडे जखडणारे आहे. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर ह्या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात ते घातक प्रमाणात आढळले आहे. पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. म्हणून ज्या गावात खोल कूपनलिकेचे पाणी पितात तेथे आधी पाणी तपासून घ्यावे. दुसरी सूचना मंजनाविषयी. कडुनिंबाचे दातण काही वाईट नव्हे. त्याने मळ निघतो. राखुंडीने आणि विटेच्या भुकटीने मात्र कवच खरवडले जाते. आणि मिश्री हे मंजनच नव्हे. ती भाजलेली तंबाखू आहे. आजी मिश्री लावते म्हणून नातही बोट बुडविते, आणि दात घासण्याच्या नावाखाली सातव्या वर्षी व्यसन जडते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून देशात कायद्याने बंदी आहे; पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत कायदा पोचत नाही.

‘हे आईबापांचे काम शाळेने का करावे?’ हा शेवटचा आक्षेप. जेवू घालणे हेही आईबापांचेच काम आहे. तरी १९९५ सालापासून शाळेत मुलांना आहार देण्याची योजना देशाने चालविली, कारण उपाशी मुलाला पाटीवरचे अक्षर दिसत नाही हे सर्वांस पटले. ठणकणाऱ्या दाढेच्या मुलालाही ते दिसत नाही. जे अन्न आपण त्याच्या ताटात वाढतो ते चावण्याची सोय त्याच्या तोंडात आहे काय, एवढे पाहणे हा त्याच योजनेचा उरलेला भाग आहे, असे आम्ही मानतो. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावी हंगामी वसतिगृहे चालतात आणि कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालविण्याचे प्रयत्न झाले. तेथेही दप्तराबरोबर ब्रश गेला पाहिजे. मूल फडावर गेले तर त्याच्या गाठोड्यात ब्रश आणि पेस्ट बांधून देणे शिक्षकांना अशक्य नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपण येथे जमलेले लोक बहुतेक तिसऱ्या रकान्यातले आहोत. आपल्या मुलांचे दात किडतात आणि भरले जातात. म्हणून ही व्याधी आपल्याला किरकोळ वाटते, आणि नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत किंवा शाळासमितीत कोणी तिचा विषय काढीत नाही. ज्यांची मुले पहिल्या रकान्यात आहेत ती माणसे व्याख्यानाला येऊ शकत नाहीत. त्यांच्या वतीने हा विषय काढणे, एका अंगणवाडीच्या वर्षभराच्या ब्रश-पेस्टचा भार उचलणे, आपल्या ओळखीच्या दंतवैद्याला महिन्यातला एक दिवस मागणे, ह्यांपैकी एखादी गोष्ट तरी प्रत्येकाला करता येईल.

कारखान्यांचा हंगाम आता संपत आला आहे. ट्रॅक्टर आणि ट्रक भरभरून टोळ्या गावोगाव परतत आहेत. जूनमध्ये शाळा उघडतील आणि पहिलीच्या पटावर नवी नावे चढतील. त्या दिवशी गुरुजींनी हजेरी घेऊन झाल्यावर प्रत्येक मुलाला खिडकीपाशी उजेडात उभे करावे, तोंड उघडावयास सांगावे आणि सर्वांत मागची दाढ पाहावी. ती नुकती डोके वर काढीत असेल. ती जन्मभराची आहे, हे त्यांनी मुलाला सांगावे आणि संध्याकाळी त्याला न्यायला येईल त्या माणसालाही सांगावे. तेथून आरंभ होऊ शकेल.